होंडा एनएसएक्स की माझदा आरएक्स-7 एफडी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षं योकोहामात काढली. तिथेच माझदाची 1999 सालची आरएक्स-7 ही स्पोर्ट्स कार घेतली आणि अजून ती माझ्याकडे आहे. आमच्या पार्किंगमध्ये शेजारच्या जागेवर एका निवृत्त जपानी गृहस्थांची 1991 ची लाल एनएसएक्स, म्हणजे होंडाची सुपरकार, उभी असायची. ओळख वाढली, तसं ते मला ती चालवायला देऊ लागले. पुण्यातले मित्र, न्यू जर्सीतला मावसभाऊ, मेलबर्नमधले ओळखीचे लोक या दोन गाड्यांबद्दल मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

दोन्हींच्या किमतीत इतका फरक होता, मग तुलना कशाला?

फरक खरा आहे. 1990 मध्ये जपानात एनएसएक्स आली तेव्हा ती 80 लाख येनांच्या थोडी वर होती. डिसेंबर 1991 मध्ये आलेली एफडी, म्हणजे माझ्याकडे आहे त्या पिढीची आरएक्स-7, सुमारे 36 लाखांपासून सुरू व्हायची. म्हणजे एकीच्या पैशात दुसऱ्या दोन.

तरीही त्या एकाच घरातल्या वाटतात. त्या काळातल्या टोयोटाची सुप्रा आणि निसानची जीटी-आर या भक्कम, जड, ओतीव लोखंडी ब्लॉकच्या गाड्या. त्यांची ताकद टर्बोतून यायची. होंडा आणि माझदा या आकाराने लहान कंपन्या आणि दोघींनी वजनावर काम केलं. एनएसएक्स साधारण 1350 किलोची, एफडी साधारण 1260. दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, दोन्हींना चारही चाकांवर डबल विशबोन सस्पेन्शन. आणि दोन्ही कंपन्यांनी अशी एकेक गोष्ट हट्टाने केली, जी बाकी कुणी करायला धजत नव्हतं. होंडाने अख्खी बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली, तर माझदाने पिस्टन नसलेलं इंजिन जिवंत ठेवलं.

घेणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्टही यातूनच निघते. एनएसएक्स घेताना अंग बघायचं, आरएक्स-7 घेताना इंजिन. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक या एका वाक्याचाच विस्तार आहे.

एनए1, एनए2, एफडी3एस, अँफिनी ही काय भानगड आहे?

हे चॅसी कोड आहेत. एनए1 म्हणजे 3.0 लिटर इंजिनची एनएसएक्स. 1997 मध्ये मॅन्युअल गाडीला 3.2 लिटर इंजिन आणि सहा गिअर मिळाले, ती एनए2. ऑटोमॅटिकमध्ये 3.0 लिटरच राहिलं. अमेरिकेत ही गाडी अ‍ॅक्युरा नावाने विकली गेली.

एफडी3एस ही आरएक्स-7 ची तिसरी आणि शेवटची पिढी. तेव्हा माझदा जपानात वेगवेगळ्या नावांच्या शोरूममधून गाड्या विकायची. त्यातलं एक नाव अँफिनी, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांवर माझदाऐवजी तो बिल्ला दिसतो. तो बघून गाडी नकली समजू नका.

एनएसएक्सचं इतकं कौतुक का होतं?

कारण तोवर सुपरकार म्हणजे तापणारी, रुसणारी, गॅरेजमध्येच जास्त राहणारी गाडी असं लोकांनी मान्य करून टाकलं होतं. होंडाने मुख्य अभियंता शिगेरु उएहारा यांच्या हाताखाली अशी गाडी बनवली, जी सकाळी ऑफिसला नेता येते आणि संध्याकाळी ट्रॅकवर. पूर्ण अ‍ॅल्युमिनियम मोनोकॉक बॉडीची (म्हणजे बॉडी हाच सांगाडा) ही पहिली उत्पादित गाडी. नुसती बॉडी 210 किलोच्या आसपास भरते. पोलादात तीच 140 किलोने जड झाली असती. व्ही6 इंजिनात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड आहेत, त्यामुळे ते 8000 आरपीएमपर्यंत (मिनिटाला 8000 फेरे) बिनतक्रार फिरतं.

फॉर्म्युला वनचे विश्वविजेते आयर्टन सेन्ना यांचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, पण तो अर्धवट सांगितला जातो. 1989 च्या सुरुवातीला ते जपानातल्या सुझुका ट्रॅकवर मॅकलारेन-होंडाच्या चाचणीसाठी आले होते. तेव्हा त्यांना एनएसएक्सचा नमुना चालवायला दिला आणि त्यांना तो थोडा नाजूक वाटला. गाडी त्यांनी घडवली असं नाही. पण होंडाच्या लोकांनी ते मत मनावर घेतलं, गाडी जर्मनीत न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर नेऊन महिनोन्महिने चालवली आणि सांगाडा बराच जास्त ताठ केला. पुढे मॅकलारेन एफ1 या सुपरकारची रचना करणाऱ्या गॉर्डन मरे यांनी एनएसएक्स चालवल्यावर आपला मापदंडच बदलला, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

रोटरी इंजिन म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि ती हालचाल क्रँकशाफ्ट गोल फिरवतो. रोटरीत वर-खाली काही होतच नाही. कडा फुगीर असलेला एक त्रिकोण, म्हणजे रोटर, डोळ्यांपुढे आणा. कमरेत किंचित दाबलेल्या अंडाकृती पेटीत तो मध्यापासून थोडा बाजूला राहून फिरतो. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि पेटीची भिंत यांच्यामधली जागा फिरता फिरता मोठी-लहान होते. त्यातच हवा-पेट्रोल आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर जाणं हे सगळं होतं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. त्रिकोणाचा एक फेरा होतो तोवर मधला शाफ्ट तीन फेरे मारतो.

त्रिकोणाच्या तीन टोकांवर धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना अ‍ॅपेक्स सील म्हणतात. त्या भिंतीला सतत घासत जातात. या इंजिनाचं सगळं सुखदुःख त्या पट्ट्यांमध्ये आहे.

मूळ कल्पना जर्मन अभियंता फेलिक्स वँकेल यांची. 1961 मध्ये माझदाने एनएसयू कंपनीकडून परवाना घेतला आणि केनइची यामामोतो यांच्या गटाने अनेक वर्षं झगडून ते इंजिन रस्त्यावर आणलं. 1967 ची कॉस्मो स्पोर्ट ही माझदाची पहिली रोटरी गाडी. जून 1991 मध्ये चार रोटरच्या 787बी या माझदाच्या रेसिंग गाडीने फ्रान्समधली ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षअखेर एफडी बाजारात आली. माझदासाठी ते वर्ष काय असेल याचा विचार केला की मला आजही भरून येतं.

इंजिन फक्त 1.3 लिटरचं, मग ताकद कुठून येते?

13बी-आरईडब्ल्यू या इंजिनात 654 सीसीचे दोन कक्ष आहेत, मिळून 1308 सीसी. पण रोटरीत ठरावीक फेऱ्यांत जास्त वेळा ठिणगी पडते, म्हणून ते मोठ्या इंजिनासारखं वागतं. जपान सरकारही हे जाणून आहे. तिथे वाहनकरासाठी रोटरीची क्षमता दीडपट धरतात, म्हणजे ही गाडी 1962 सीसीची ठरून दोन लिटरच्या आतल्या गटात बसते. वर दोन टर्बो. कमी आरपीएमला एकच टर्बो काम करतो, 4500 च्या सुमाराला दुसरा येऊन मिळतो.

दोन्हींची ताकद 280 पीएस, हा योगायोग का?

योगायोग नाही. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं की देशात विकल्या जाणाऱ्या गाडीची ताकद 280 पीएसच्या (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) वर सांगायची नाही. 1989 पासून 2004 पर्यंत हा अलिखित करार टिकला. एनएसएक्सची मॅन्युअल पहिल्यापासून 280 ची. 3.2 लिटर इंजिन आलं तरी जपानातला आकडा हलला नाही. एफडी मात्र पायरी पायरीने चढली: आधी 255, 1996 मध्ये 265 आणि 1999 मध्ये वरच्या मॉडेलना 280.

चालवताना काय फरक जाणवतो?

एनएसएक्समध्ये बसल्यावर पहिल्यांदा दिसतो तो रस्ता. एफ-16 विमानाच्या कॉकपिटवरून होंडाने ही बसण्याची जागा आखली, आणि समोरचा पत्रा इतका खाली आहे की चाकापुढचं डांबर दिसतं. सुरुवातीच्या मॅन्युअल गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंगमधून बाहेर काढताना दंड भरून येतात, पण एकदा वेग धरला की रस्त्यातला प्रत्येक खड्डा, प्रत्येक शिवण हाताला कळते. 5800 च्या आसपास व्हीटेकचे (होंडाची व्हॉल्व्ह उघडण्याची पद्धत बदलणारी यंत्रणा) दुसरे कॅम लागतात आणि पाठीमागून येणारा आवाज बदलतो. आपल्याकडे पहिल्या पिढीची सिटी व्हीटेक ज्यांनी मनापासून पिळली आहे, त्यांना त्या आवाजाचं मूळ ओळखू येईल. फक्त इथे तो कानाच्या मागे दीड हातावर असतो.

एफडीची गोष्ट वेगळी. डॅशबोर्ड चालकाभोवती वळलेला, बसायची जागा अंगाला घट्ट, उंच माणसाचं डोकं छताला लागतं. इंजिन इतकं लहान आहे की ते पुढच्या आसाच्या मागे सरकवून बसवलं आहे, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलं जातं. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, मधे वाट बघावी लागत नाही. इंजिनाला कंप नाही. ते इतकं सहज वर चढतं की काट्याकडे लक्ष नसलं तरी चालावं म्हणून माझदाने बझर दिला आहे. दुसरा टर्बो जोडला जातो तेव्हा क्षणभर ओढ मंदावते आणि मग पाठीत दणका बसतो. ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मधोमध हे झालं तर गाडी मागून सुटते. नवख्याने पहिला महिना 4500 च्या खालीच राहावं असं मी स्पष्ट सांगतो.

एनएसएक्स चुका पोटात घालते, एफडी नाही. पण हाकोनेच्या घाटात पहाटे एफडी जी मजा देते ती मला दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळालेली नाही.

रोटरी इंजिन टिकत नाही, हे खरं आहे का?

बऱ्याच प्रमाणात खरं आहे आणि ते मान्य करूनच गाडी घ्यावी. लाख किलोमीटरच्या आत इंजिन उघडावं लागलेल्या कितीतरी एफडी आहेत. मात्र "रोटरी तकलादू असते" एवढं म्हणून थांबणं मला पटत नाही, कारण ती मरते त्यामागे ठरावीक कारणं असतात.

पहिलं कारण उष्णता. या गाडीच्या बॉनेटखाली भट्टी असते. रबरी नळ्या कडक होतात. सुरुवातीच्या गाड्यांमधली कूलंटची प्लॅस्टिकची छोटी टाकी तडकते, पाणी कमी होतं, इंजिन तापतं आणि पाण्याचे सील जातात. टर्बोच्या नियंत्रणासाठी निर्वात नळ्यांचं एवढं जाळं आहे की झाकण काढल्यावर मेकॅनिकही आधी दीर्घ श्वास घेतो. त्यातली एक नळी निसटली तरी बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, बिघडतो.

दुसरं कारण आपण स्वतः. हे इंजिन थंड असताना पिळायचं नाही. आणि सुरू करून लगेच बंद करायचं नाही. गाडी दोन फूट मागे घ्यायला म्हणून चालू केली आणि बंद केली, की आत पेट्रोल साचतं आणि पुढच्या वेळी ती सुरूच होत नाही. एकदा चालू केली की पूर्ण गरम होऊ द्या, मगच बंद करा.

तिसरं, ऑइल. सीलना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं ऑइल आत सोडून जाळतं. ऑइल कमी होणं हा दोष नाही, ते न बघणं हा दोष आहे. प्रत्येक दुसऱ्या टाकीला मी डिपस्टिक बघतो. काही मालक पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइलही मिसळतात. चेतक किंवा आरएक्स 100 मध्ये टूटी टाकून घेणाऱ्या पिढीला यात काही नवं वाटणार नाही.

म्हणूनच नीट कागदपत्रं असलेलं, जाणकाराने पुन्हा बांधलेलं इंजिन हा एफडीत वजाबाकीचा मुद्दा नाही, उलट मी त्याला जास्त पैसे देईन.

घेण्याआधी रोटरीची तपासणी कशी करायची?

कॉम्प्रेशन टेस्ट. तीही रोटरीसाठीच्या खास यंत्राने. साधा गेज लावला तर तो तीन बाजूंपैकी सर्वांत चांगला आकडा दाखवतो आणि बाकी दोन लपतात. खास यंत्र प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे देतं, म्हणजे एकूण सहा. नुसते आकडे मोठे असून भागत नाही, सहाही एकमेकांच्या जवळ हवेत. एक बाजू बाकीच्यांपेक्षा ढळढळीत कमी असेल तर सील गेलं आहे. टेस्ट इंजिन गरम असताना झाली आणि मोजताना फेरे किती होते, हे कागदावर लिहिलेलं असावं.

हे मी फटका खाऊन शिकलो. माझी गाडी ज्या विक्रेत्याकडून घेतली, त्याने "कॉम्प्रेशन उत्तम आहे" असं तोंडी सांगितलं आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या झटक्यात सुरू करून दाखवली. थंड गाडी छान सुरू झाली. पंधरा दिवसांनी महामार्गावरच्या थांब्यावर चहा पिऊन आलो, किल्ली फिरवली, तर नुसता स्टार्टर फिरत राहिला. सील झिजलेली रोटरी गरम झाल्यावरच खरं बोलते. तेव्हा गाडी आधी वीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग सुरू करून बघा.

सायलेन्सरमधून सुरुवातीला थोडा निळसर धूर चालतो. गोड वासाचा पांढरा धूर सतत येत असेल तर पाण्याचे सील गेले. तिथून पाय काढता घ्या.

एनएसएक्स कधी बिघडतच नाही म्हणतात?

इंजिन खरंच दणकट आहे. पण गाडीला तीस-पस्तीस वर्षं झाली आहेत. टायमिंग बेल्ट किलोमीटर कमी असले तरी वर्षांच्या हिशेबाने बदलावा लागतो, सहा-सात वर्षांनी, आणि त्याच वेळी वॉटर पंपही. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे पाण्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून लांब धावतात, त्या सगळ्याच जुन्या झालेल्या असतात.

1991 आणि 1992 च्या काही पाच गिअरच्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सच्या आतली एक स्नॅप रिंग तुटते आणि पुढे केसिंगच फुटतं. कुठल्या नंबरच्या गिअरबॉक्समध्ये हा दोष आहे ते मालकांच्या वर्तुळात माहीत असतं. घेण्याआधी नंबर बघा आणि दुरुस्ती झाल्याचा कागद मागा. एसीच्या कंट्रोल युनिटमधले आणि बोस अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर गळतात. ती किरकोळ कामं आहेत. खिडक्या कुंथत वर जातात. सुरुवातीच्या गाड्या मागचे टायर फार लवकर खातात, तो अलाइनमेंटच्या मूळ मापांचा परिणाम आहे.

मग अंग बघा म्हणजे काय बघायचं?

जुनी गाडी बघायला जाताना आपण खिशात लोहचुंबक ठेवतो, पुट्टी शोधायला. एनएसएक्सवर तो चिकटतच नाही. रंगाची जाडी मोजणारं साधं चुंबकीय यंत्रही निरुपयोगी. अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं, एडी करंटचं यंत्र लागतं. ते नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला सोबत न्या.

पोलादाचा पत्रा ठोकून, ओढून सरळ करता येतो. अ‍ॅल्युमिनियम ताणलं की ताणलेलंच राहतं, वेल्डिंगला वेगळं यंत्र आणि वेगळा हात लागतो. त्यामुळे ठोकलेली एनएसएक्स खऱ्या अर्थाने पूर्ववत करणारे गॅरेज जगात मोजकेच. शेजारच्या त्या गृहस्थांनी मला एकदा बॅटरीच्या उजेडात गुडघ्यावर बसवून दाखवलं होतं: पुढचं झाकण उघडून आतल्या कडांवरचे कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके, त्यांच्यातलं सारखं अंतर, बोल्टच्या डोक्यावरचा न खरवडलेला रंग, आणि दोन्ही बाजूंच्या फटी बोटाच्या नखाने चाचपून. डावीकडे नख जेवढं आत जातं तेवढंच उजवीकडे गेलं पाहिजे. बिजागऱ्यांचा बोल्ट फिरवल्याची एक खूण दिसली तरी तो दरवाजा निघालेला आहे.

अ‍ॅल्युमिनियम पोलादासारखं गंजत नाही, पण जिथे पोलादी बोल्ट त्याला टेकतो तिथे पांढरी भुकटी धरते. समुद्राकाठी राहिलेल्या गाडीत तिथे आवर्जून बघा.

एफडीत बॉनेट आणि सस्पेन्शनचे हात अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, बाकी बॉडी पोलादाची. तिथे नेहमीचा चुंबक चालतो. आतलं प्लॅस्टिक मात्र बिस्किटासारखं तुटतं, त्याची मनाची तयारी ठेवा.

कोणत्या सालची, कोणत्या मॉडेलची घ्यावी?

एफडीत चालवायला घेणार असाल तर 1996 नंतरची. निर्वात नळ्यांचं जाळं सोपं झालं, कॉम्प्युटर सुधारला. 1999 नंतरची मिळाली तर सर्वांत उत्तम. संग्रहासाठी 2002 ची स्पिरिट आर. 1500 च्या आसपासच बनल्या आणि उत्पादन तिथेच संपलं. त्यातली टाइप ए दोन सीटची, लाल रेकारो सीटची, तिला सर्वांत जास्त मागणी. टाइप बी मध्ये मागे सीट आहेत, टाइप सी ऑटोमॅटिक.

एनएसएक्समध्ये माझा कौल पहिल्या, बंद छताच्या पाच गिअरच्या गाड्यांना आहे. 1995 ची टी-टॉप (छताचा भाग काढता येणारी) सुंदर दिसते, पण छत कापल्यावर मूळ सांगाड्याचा ताठपणा तसाच राहत नाही. 1992 ते 1995 मधली एनएसएक्स-आर फक्त 483 बनली. साधारण 120 किलोंनी हलकी, आणि किंमत आता सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर. अमेरिकेतली 1999 ची, शर्यतपटू अ‍ॅलेक्स झनार्डी यांच्या नावाची झनार्डी एडिशन 51 च. 2002 पासून बॉनेटमधून वर येणारे हेडलाइट गेले, स्थिर दिवे आले. मला ते कधीच आवडले नाहीत.

एकूण एनएसएक्स अठरा हजारांहून थोड्या जास्त, एफडी अडुसष्ट हजारांहून जास्त. पण एफडीतल्या फार थोड्या मूळ रूपात उरल्या आहेत, हे हिशेबात धरा.

मॉडिफाय केलेली गाडी घ्यावी का?

एनएसएक्स अजिबात नको. एफडीत थोडं समजून घ्यावं लागतं. मोठा रेडिएटर, चांगला इंटरकूलर, तापमानाचा नेमका मीटर हे बदल गाडीचं आयुष्य वाढवतात. मी स्वतः केले आहेत आणि मूळ भाग कपाटात जपून ठेवले आहेत. दोन टर्बो काढून एक मोठा लावलेली गाडी कुणी बांधली त्यावर अवलंबून. रोटरी काढून अमेरिकन व्ही8 बसवलेली गाडी वेगवान असेल, पण मला ती आरएक्स-7 वाटत नाही.

जपानी लिलावाच्या कागदावर किती विश्वास ठेवावा?

लिलावाआधी गाडी तपासून कागदावर गुण लिहिणारे लोक कडक असतात, पण ते गाडीला फार थोडा वेळ देतात. आर किंवा आरए हा शेरा म्हणजे सांगाड्याला धक्का लागून दुरुस्ती झालेली. एनएसएक्सवर तो शेरा दिसला तर पुढे वाचूच नका. एफडीवर दिसला तर निदान काय झालं होतं ते विचारा. कॉम्प्रेशनचे सहा आकडे मात्र त्या कागदावर नसतात. गुण साडेचार असले तरी इंजिन मरायला टेकलेलं असू शकतं.

सुटे भाग मिळतात का?

होंडाने एनएसएक्ससाठी 1993 पासून रीफ्रेश प्लॅन चालवला, म्हणजे गाडी कंपनीकडेच देऊन हवे तेवढे भाग नव्यासारखे करून घ्यायचे. पण ही गाडी कमी संख्येची, त्यामुळे दिवे, आतली ट्रिम, काही खास रबरं यांना शोधाशोध आणि पैसा दोन्ही लागतं. माझदाने 2020-21 च्या सुमाराला आरएक्स-7 च्या शेवटच्या दोन पिढ्यांचे बंद झालेले बरेच भाग पुन्हा बनवायला घेतले. शिवाय आरई अमेमियासारखी रोटरीला आयुष्य वाहिलेली गॅरेज आहेत. इंजिनाच्या भागांची मला आजवर अडचण आलेली नाही.

यातली एखादी भारतात आणता येईल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर नाही असंच आहे. दोन्ही गाड्या आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकल्या गेल्या नाहीत. वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनून तीन वर्षांच्या आतली हवी, असा नियम आहे. नव्वदच्या दशकातली गाडी त्यात बसणं शक्यच नाही आणि व्हिंटेजच्या सवलतीत बसायला ती अजून फार तरुण आहे. कुणी "कागदपत्रं मॅनेज करतो" म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका. जप्त झालेली गाडी वर्षानुवर्षं गोदामाच्या आवारात ऊन-पाऊस खाते, आणि अशी गाडी बघणं फार क्लेशाचं असतं.

परदेशातल्या मराठी मंडळींनी काय करावं?

अमेरिकेत 25 वर्षं पूर्ण झालेली गाडी आणता येते आणि हिशेब गाडी बनल्याच्या महिन्यापासून. एप्रिल 2002 मध्ये बनलेली स्पिरिट आर एप्रिल 2027 च्या आधी नाही. कॅलिफोर्नियात राज्याचे प्रदूषणाचे नियम वेगळे आणि कडक आहेत, तिथे तिथलीच जुनी गाडी शोधणं सोपं. डाव्या स्टिअरिंगची एफडी अमेरिकेत फक्त 1993 ते 1995 विकली गेली, एनएसएक्स मात्र भरपूर. ऑस्ट्रेलियातही आता 25 वर्षांचा नियम आहे आणि स्टिअरिंग उजवीकडचं, त्यामुळे जपानातून थेट आणणं सोयीचं. ब्रिटनमध्येही स्टिअरिंग उजवीकडचंच, तिथेही जपानातून आणणं सोयीचं. दुबईकरांनी उजव्या स्टिअरिंगची गाडी घेऊ नये, नोंदणीची अडचण येते.

नुसत्या बघायच्या असतील तर?

हिरोशिमातलं माझदा संग्रहालय, आधी नाव नोंदवून. तिथे 787बी समोर उभी आहे. योकोहामातला दाइकोकु हा महामार्गावरचा थांबा रविवारी सकाळी गाठा. पायी जाता येत नाही, कुणाच्या तरी गाडीतूनच जावं लागतं, आणि गर्दी वाढली की पोलीस तो बंद करतात.

तुम्ही स्वतः आरएक्स-7 का ठेवलीत?

ते गृहस्थ एनएसएक्स विकायला निघाले तेव्हा त्यांनी आधी मला विचारलं होतं. थोडं कर्ज काढून जमलं असतं. मी आठवडाभर विचार केला. त्या गाडीत मला करण्यासारखं काहीच नव्हतं, ती आधीच पूर्ण होती. माझ्या गाडीचं इंजिन मी 94 हजार किलोमीटरला उघडून घेतलं, तेव्हा चार दिवस रजा काढून मेकॅनिकच्या शेजारी उभा होतो. जुन्या सहा पट्ट्या त्याने तेलाच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. दोन मिलिमीटर जाडीच्या, मधे झिजून किंचित वाकलेल्या. त्या अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत.